नव्याण्णवांजवळ कोण थांबलं?

मेंढरू हरवलं तेव्हा ताई दिव्यांच्या बटणांपाशी उभी होती.

खरं तर ते हरवायचंच होतं, पण नाटकात. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चर्चच्या तरुण संघाने हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाची येशूने सांगितलेली गोष्ट, करून दाखवायचं ठरवलं होतं. चादर पांघरलेलं पोर चालणार नाही, मेंढरू खरंच हवं, हा हट्ट ताईचा. तरुण संघाचं काम बघायला चर्चने तिला नुकतंच नेमलं होतं. अंगात नवा उत्साह होता आणि तो कुठे जिरवावा हे अजून कळलं नव्हतं. शहराबाहेरच्या एका माणसाच्या हातापाया पडून तिने मेंढरू उसनं आणलं. रंगीत तालमीत मेंढपाळ झालेल्या मुलाने पाठ फिरवली, कपाळाला हात लावून "माझं एक मेंढरू कुठे गेलं?" असं म्हटलं आणि वळून बघतो तर ते खरोखरच गेलेलं. मागचं दार उघडं होतं. बाहेर अवकाळी पाऊस लागला होता.

ताई छत्री न घेताच धावली. दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, रस्त्यात भेटेल त्याला विचारलं. "मेंढरू पाहिलंत का?" असा प्रश्न भर वस्तीत विचारताना माणूस कसा दिसतो, हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी एका दुकानदाराने हसू दाबत कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. जनावरांचाच दवाखाना होता तो.

आत बाकड्यावर एक आजी मांडीवर पोपटाचा पिंजरा घेऊन बसल्या होत्या. शेजारी पायाला पट्टी बांधलेला कुत्रा आणि त्याचा मालक. आणि त्यांच्या पलीकडे, भिंतीला टेकून, अगदी शहाण्यासारखं उभं असलेलं मेंढरू.

आतल्या खोलीतून पांढऱ्या डगल्यातला एक तरुण बाहेर आला.

"हे तुमचं का?"

"हो... म्हणजे नाही. उसनं आहे."

"कधीचं नंबर लावून बसलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "बरोबर कुणी मोठं माणूस आहे का विचारलं, तर काही बोलेना."

ताईला धाप लागली होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि तरी तिला हसू फुटलं. त्याने कपाटातून टॉवेल काढून दिला. ती जराशी थबकली.

"घ्या. हा माणसांचा आहे."

केस पुसत तिने सगळी हकीकत सांगितली. नाटक, दाखला, उघडं दार. ऐकता ऐकता तो गालातल्या गालात हसायला लागला.

"याच दाखल्यावरून मला लहानपणी रविवारच्या शाळेत वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"का? काय केलंत?"

"फक्त विचारलं. मेंढपाळ एकाला शोधायला गेला, तेव्हा बाकीच्या नव्याण्णवांजवळ कोण थांबलं?"

"मग?"

"बाई म्हणाल्या, आगाऊपणा पुरे. उत्तर अजून मिळायचंय." त्याने मेंढराच्या कानामागे खाजवलं आणि तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या नव्याण्णवांजवळ आत्ता कोण आहे?"

टॉवेल तसाच खांद्यावर टाकून ताई दाराकडे वळली. कुणीच नव्हतं.

आजींची परवानगी काढून तो तिच्याबरोबर निघाला. मेंढरू त्याच्या खांद्यावर, त्याची छत्री तिच्या हातात... आणि छत्री लहान असल्यामुळे दोघांचा एकेक खांदा भिजत होता. चर्चच्या सभागृहात पोचले तर पडदा खाली आलेला, मेंढपाळाच्या काठीने चेंडू टोलवणं चाललेलं आणि खिडकीच्या एका काचेने प्राण सोडलेला. दारात पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. काचेबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं," डॉक्टर म्हणाला. "नंबर लावून बसलं होतं."

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नाटकात आला असता त्यापेक्षा मोठा.

"तुमचं नाव नाही सांगितलंत," निघताना तो म्हणाला.

"ताई," चार-पाच पोरं एकदम ओरडली.

"सगळे ताईच म्हणतात मला," ती म्हणाली. "पाळकसाहेबसुद्धा."

"सगळे?" त्याने टॉवेलची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "बरं. मला काय जमतं ते बघतो."

त्याला ते जमलं नाही ते नाहीच. वर्षभरात त्याने तिला "अहो" म्हटलं, "ऐका ना" म्हटलं, "मेंढरूवाल्या बाई" म्हटलं. पण सारं जग जिला ताई म्हणत होतं, तिला तो एकदाही ताई म्हणाला नाही. हे पाळकबाईंच्या फार लवकर लक्षात आलं. ताईच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण तिच्याकडे वेळच नव्हता.

ते वर्ष होतंच तसं. तरुण पोरांचं काम म्हणजे आठवड्याला एक गाण्याचा सराव आणि एक प्रार्थना, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात कुणाचा बाप रुसलेला, कुणाचं मन मोडलेलं, कुणी नापास होऊन दोन दिवस घरी न गेलेलं. कुणी देव आहेच कशावरून असा वाद घालायला यायचं, आणि वाद संपला की हळूच विचारायचं, ताई, खायला काही आहे का? ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती त्यांच्यासाठी परीक्षेच्या दिवसांत सभागृह उघडं ठेवलं. रुग्णालयातल्या मुलांना गाणी ऐकवायला गेले, तर गाणारेच रडायला लागले. ताईचा फोन सदा वाजत असे आणि ती सदा कुणा एकाच्या मागे धावत असे.

आणि डॉक्टर... तो येत असे. पहिल्यांदा काच बसवायला आला, मग असाच. रविवारी तो शेवटच्या बाकावर दाराजवळ बसे, कुठे गाय अडली तर उठून जाता यावं म्हणून. आठवड्यातल्या सभांनाही यायला लागला.

"तुम्ही इथे काय करता?" तिने एकदा विचारलं होतं.

"सराव. माझे पेशंट चावायच्या आधी गुरगुरतात. तुमचे तेवढंही करत नाहीत."

उन्हाळ्याच्या शिबिरात खरी गंमत झाली. शिबिर शहरापासून दूर, झाडांमधल्या एका विश्रामगृहात होतं. सकाळी न्याहारीला गाणारी दिसेना. गाणारी म्हणजे संघातली सगळ्यांत गोड गळ्याची मुलगी, आणि आदल्या दिवशी घरून आलेल्या फोननंतर ती कुणाशी बोललीच नव्हती. पिशवीही जागेवर नव्हती. ताईच्या हातातला चहा तसाच राहिला. एकीकडे ती मुलगी, दुसरीकडे डोळे मोठे करून बसलेली ही सारी पोरं.

डॉक्टर जागचा उठला आणि त्याने तिच्या हातातला कप काढून घेतला.

"तुम्ही जा. नव्याण्णवांजवळ मी थांबतो."

गाणारी बसथांब्यावर सापडली. ताई तिच्या शेजारी बसून राहिली, तिच्या दोन बस जाऊ दिल्या, आणि मग दोघी चालत परत आल्या. येऊन बघतात तर डॉक्टरने संघातल्या सगळ्यांत उंच मुलाला टेबलावर आडवं करून कुत्रा केलं होतं आणि बाकीचे त्याचा मोडका पाय बांधत होते. कुत्रा मन लावून विव्हळत होता. गाणारी आधी बघत राहिली आणि मग खळखळून हसली. कुणीही तिला कुठे गेली होतीस असं विचारलं नाही. ते त्याने आधीच बजावून ठेवलं होतं.

ताईचा चहा त्याने झाकून ठेवला होता. तो गार झाला होता, पण तिने तो तसाच प्यायला आणि तिला तो फार आवडला.

"मला ताई का म्हणत नाही तुम्ही?" कपाच्या काठावरून तिने विचारलं.

"का, अडतंय कुठे?"

"तसं नाही... सगळे म्हणतात."

"म्हणू दे की. तेवढं सोडून काहीही सांगा. खुर्च्या उचलतो."

तिने नजर खाली वळवली. कपात तळाशी फक्त साखर उरली होती. ती ढवळत बसण्यासारखं काही नव्हतं, तरी ती ढवळत बसली.

त्या दिवसापासून दोघांची कामाची रीतच ठरून गेली. ती एकाच्या मागे जायची आणि तो बाकीच्यांजवळ थांबायचा. निरोप द्यायचीही गरज राहिली नाही. ती मान वर करून शेवटच्या बाकाकडे बघायची, तो मान हलवायचा, आणि ती बाहेर पडायची. पाठीमागे कुणीतरी आहे, हे माहीत असलं की माणूस किती लांब जाऊ शकतो, याचा तिने त्या वर्षी अनुभव घेतला. सकाळी प्रार्थनेला बसली की पहिलं नाव त्याचं यायचं. देवा, हा माणूस दिलास, तुझे आभार. मग आई-बाबा, मग पोरं, मग उरलेलं जग. हे रोजचं झालं होतं, दात घासण्याइतकं रोजचं, त्यामुळे त्याचा अर्थ काय होतो हे तपासायला ती कधी थांबली नाही.

वर्षअखेरच्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, रविवाराआधीची गोष्ट. ताई स्टुलावर चढून सभागृहात रंगीत कागदांच्या माळा लावत होती आणि डॉक्टर खाली स्टूल धरून उभा होता.

"मोठ्या शहरातल्या जनावरांच्या रुग्णालयातून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "सोमवारी कळवायचंय."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढायला लागतो त्याहून जास्त वेळ तिने घेतला.

"चांगलं आहे की... तुमच्यासाठी म्हणजे."

"जाऊ मग?"

ती खाली बघत होती, तो वर बघत होता. काहीतरी बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. नेमका तेव्हा फोन वाजला. संघातल्या एकाची आई पडली होती, त्याला काही सुचत नव्हतं.

"एक मिनिट हं... आलेच मी."

"जा," तो म्हणाला. "मी आहे."

एक मिनिट कसलं, ती परतली तेव्हा अंधारून आलं होतं. माळा लावून झाल्या होत्या, खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, आणि डॉक्टर घरी गेला होता. बोलू उद्या, असं तिने ठरवलं. पण उद्या तालीम होती आणि परवा आणखी काही होतं. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं आहे हे तिला दिवसातून दहादा आठवायचं. तो गेला तर? पण थांबा म्हणायला आपण त्याच्या कोण, हाही प्रश्न होताच.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. उपासनेत शेवटी तरुण संघाच्या वर्षाचा वृत्तान्त द्यायचा आणि आभार मानायचे, अशी तिथली रीत होती. ताई कागद न घेता उभी राहिली. तिने गाणारीबद्दल सांगितलं, मेंढराबद्दल बोलताना सगळे हसले. मग तिने आभार मानले. पाळकसाहेबांचे मानले, शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे मानले, बसच्या चालकाचे मानले. रोज झाडून घेणाऱ्या मावशींचे, ज्याने मेंढरू दिलं त्याचे, खुद्द मेंढराचे, आणि ऐन गाण्यात दगा न दिल्याबद्दल जुन्या ध्वनिक्षेपकाचेसुद्धा. "मी वर्षभर नुसती धावले," ती म्हणाली, "पण रिकाम्या हाताने एकदाही परत आले नाही. कृतज्ञता याहून वेगळी काय असते, मला माहीत नाही."

टाळ्या थांबेनात. डोळे पुसत ती जागेवर बसली. एवढं भरलेलं मन घेऊन ती यापूर्वी कधी बसली नव्हती.

नंतर सभागृहात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. बाबा ताट घेऊन तिच्याजवळ आले.

"छान बोललीस. सगळ्यांचे आभार मानलेस, त्या खरखरणाऱ्या भोंग्याचेसुद्धा. आमचं नाव मात्र विसरलीस."

"आपलं कसलं मेलं नाव घ्यायचं?" आई म्हणाली. "आपण घरचे. आभार परक्यांचे मानतात."

ताई हसली, आणि हसता हसता थांबली. आई राहिली. बाबा राहिले. आणखी कोण राहिलं? तिने मान वर करून नेहमीसारखं दाराकडे पाहिलं. तिथे कुणीच मान हलवली नाही.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"ते शेवटच्या गाण्याआधीच उठून गेले," पाळकबाई भाताच्या पातेल्यामागून म्हणाल्या. "मला वाटलं, गाय अडली असेल. पण चेहरा गायीचा वाटला नाही. उद्या कळवायचंय ना त्यांना?"

ताईच्या हातातलं ताट कलंडायला आलं. ज्याच्याबद्दल रोज सकाळी वर देवाचे आभार मानले, त्याचे खाली मानायचे राहूनच गेले होते. आणि तो शेवटच्या बाकावर बसून एकेक नाव ऐकत होता. मेंढराचंही.

तिने भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं. अजून वाढायचं होतं, पोरांचं गाणं व्हायचं होतं, कुणीतरी ताई, ताई म्हणून हाका मारत होतं.

पाळकबाईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"जा," त्या म्हणाल्या. "या नव्याण्णवांजवळ मी थांबते."

बाहेर पुन्हा अवकाळी, बारीक पाऊस होता. या खेपेलाही तिने छत्री घेतली नाही, पण रस्त्यात कुणाला काही विचारावंही लागलं नाही. दवाखान्याचं दार अर्धं लोटलेलं होतं. रविवार म्हणून आत कुणी नव्हतं. डॉक्टर बाकड्यावर, भिंतीला टेकून, उगाच बसला होता.

ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"नंबर लावायचा होता."

"पेशंट कोण?" त्याने वर न बघता विचारलं.

"मीच. विसराळूपणाची तक्रार आहे."

तो हसला नाही.

"तुमचे आभार मानायचे राहिले."

"असू दे. भोंग्याचे मानलेत ना... मीही तिथेच कुठेतरी भिंतीला होतो."

"चिडलात?"

"नाही हो." तो बोटांकडे बघत म्हणाला, "जायचं की नाही, ते आज माइकवरून कळेल असं वाटलं होतं. वेड्यासारखं. एक शब्द आला असता तरी मी त्याचा चांगला अर्थ लावला असता. काहीच आलं नाही, तेव्हा त्याचाही अर्थ लावला."

"चुकीचा लावलात," ती म्हणाली. "आई-बाबांचेही नाही मानले मी. लक्षात आलं का? सगळे परके आठवले. घरचे तेवढे राहिले."

आता त्याने वर पाहिलं.

"रोज सकाळी प्रार्थनेत पहिलं नाव तुमचं असतं," ती घाईघाईने सांगू लागली, थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही अशा भीतीने. "आईच्याही आधी. आज उभी राहिले तेव्हा वाटलं, हे झालंय की... हे तर रोजच होतं. मला कळलंच नाही हो, की तुम्हाला ते ऐकूच जात नाही."

बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे मी," तो हळूच म्हणाला, "घरच्यांत मोडतो?"

"तेच सांगायला आलेय."

"सगळी पंगत सोडून?"

"सगळी पंगत सोडून. थांबा ना इथे. पोरांसाठी नाही, खुर्च्या उचलायलाही नाही. माझ्यासाठी थांबा. मला तुम्ही हवे आहात."

एवढं बोलून तिने ओल्या ओढणीचं टोक पिळायला घेतलं. त्याने उठून कपाट उघडलं, टॉवेल काढला आणि तिच्या हातात दिला. या वेळी त्याने हात लगेच मागे घेतला नाही.

"उद्या त्यांना फोन करून कळवतो, जमणार नाही म्हणून," तो म्हणाला. "पण कारण विचारतील. काय सांगू?"

"सांगा... घरची माणसं सोडत नाहीत."

आता मात्र तो हसला, आणि तिच्या अगदी जवळ येऊन बसला. मग त्याने तिला नावाने हाक मारली. वर्षभर ज्याला ताई म्हणणं जमलं नव्हतं, त्याला हे किती सहज जमलं. घराबाहेर ते नाव इतक्या दिवसांत कुणी घेतलंच नव्हतं, त्यामुळे क्षणभर आपल्यालाच हाक मारली हे तिला उमगलं नाही. उमगलं तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले. देवा, तुझे आभार, ती मनात म्हणाली, आणि मग आठवण ठेवून मोठ्यानेही म्हणाली, "तुझेही."

परत जाताना छत्री त्याने धरली. तीच, लहान. पण या वेळी कुणाचाच खांदा फारसा भिजला नाही.

सभागृहात गाणं संपत आलं होतं. पोरांनी दारात दोघांना पाहिलं आणि शेवटची ओळ भलत्याच सुरात गेली. बाबांनी आईला कोपराने ढोसलं. पाळकबाई झाकून ठेवलेली दोन ताटं घेऊन पुढे आल्या. दोघांच्या हातांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि एवढंच विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं," ताई म्हणाली. "नंबर लावून बसलं होतं."